अप्पांची विचारपूस

सुदामअप्पांच्या पॅकहाऊसमध्ये आजारी पडायची सोय नव्हती. म्हणजे खुशाल आजारी पडा, रजा घ्या, कोणी पगार कापणार नाही. पण दुपारपर्यंत अप्पा तुमच्या घरी आलेच म्हणून समजा. हातात डाळिंबांची पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडात प्रश्न. काय झालं? कधीपासून? डॉक्टर कोणता? तो काय म्हणला? जेवण जातंय का? शौचाला होते का? हा शेवटचा प्रश्न ते सासू, सून, जावई, शेजारी अशा सगळ्यांच्या देखत विचारत, आणि उत्तर मिळाल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नसत.

मी त्यांच्याकडे बरीच वर्षं निर्यातीची कागदपत्रं बघत होते. पंचवटी मागे टाकून दिंडोरी रोडने थोडं पुढे गेलं की आमचं पॅकहाऊस. बागांतून द्राक्षं तिथे येत, निवडली जात, पेट्यांत बसत, थंड होत आणि कंटेनरमधून युरोपला जात. अप्पा मूळचे निफाडकडचे. सत्तरीला आले होते, पण केबिनमध्ये बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. काचेची, एसीची केबिन मुलाने हौसेने बांधून दिली होती. तिच्यात अप्पांनी लग्नपत्रिका आणि रिकामे डबे ठेवले होते. त्यांची जागा म्हणजे माल चढवायच्या दाराशी ठेवलेली एक निळी प्लास्टिकची खुर्ची. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथून पहिला प्रश्न यायचा, "जेवला का?" दुसरा ओरडा कंटेनरवाल्यांना. कंटेनरचं दार क्षणभर जास्त उघडं राहिलं तरी ते खुर्चीतून उठायचे. "दार लाव रे, माल तापतोय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही घरात कोणी फ्रिज उघडा टाकला तर मला तेच आठवतं.

मला ते एरवी "ज्योतीताई, तू" म्हणत आणि चिडले की "मॅडम, तुम्ही." दिवसाचा रंग कसा आहे ते मला सकाळच्या हाकेवरून कळायचं.

त्यांच्या विचारपुशीचा प्रसाद मलाही मिळाला होता. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा अप्पा हॉस्पिटलमध्ये हजर. माझा नवरा बाकावर उपाशी बसला होता, त्याला दंडाला धरून जेवायला घेऊन गेले. तिथवर ठीक होतं. मग त्यांनी डॉक्टरला गाठलं, सगळी हकीकत काढून घेतली आणि माझ्या पोटातून निघालेला खडा एका बाटलीत मागून घेतला. मी पंधरवड्याने कामावर गेले तर निवडायला बसणाऱ्या बायका एकीमागून एक येऊन म्हणतायत, "ताई, केवढा मोठा व्हता वो." माझा खडा सगळ्या पॅकहाऊसभर फिरून आला होता. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सोमनाथचं तर याहून वाईट झालं. त्याला मूळव्याध होती, त्याने ताप म्हणून सांगितलं होतं. अप्पांनी खरं काय ते शोधून काढलं आणि चहाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, त्याला सुरणाच्या भाजीचं पथ्य समजावून दिलं. सोमनाथ नंतर कित्येक दिवस खाली मान घालूनच गाडी चालवत होता.

अशा माणसाच्या आयुष्यात यान आला.

आमच्या धंद्यात सगळी भीती एका क्षणाची असते. कंटेनर तिकडे युरोपात, रॉटरडॅमच्या बंदरात पोचतो, दार उघडतं आणि तिकडचा व्यापारी कळवतो: मणी गळालेत, कूज लागलीय, भाव कापतोय. खरं की खोटं, इथे नाशिकमध्ये बसून कसं कळणार? ते चार फोटो पाठवायचे. फोटोतला घड आमचाच कशावरून, हेही सांगता यायचं नाही. अप्पा फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि फोन मला परत देत म्हणत, "तिकडं आपला माणूस पाहिजे, ज्योतीताई. दार उघडताना हजर असा."

यान हा अशाच एका व्यापाऱ्याच्या वतीने मालाची पाहणी करणारा माणूस. एका हंगामात तो आमच्याकडे येऊन गेला होता. पन्नाशी ओलांडलेला, इतका उंच की आमच्या प्रत्येक दारातून वाकून जायचा. दिवसभर फिरला, घड हलवून बघितले, मणी चिरले आणि संध्याकाळी अप्पांच्या तोंडावर म्हणाला, "तुमची द्राक्षं चांगली आहेत. पण गाडीतून उतरली की अंगणात फार वेळ उन्हात पडतात. दोष तिथे आहे." मी भीत भीत भाषांतर केलं. अप्पा खूश. तोंडावर बोलणारा माणूस त्यांना मनापासून आवडायचा. त्यांनी त्याला नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली. टोपी त्याच्या डोक्यावर जेमतेम टेकली होती, पण गाडीत बसेपर्यंत त्याने ती काढली नाही. त्याचं नाव यान आहे हे कळल्यावर अप्पा म्हणाले, "नाव झकास हाय." तेव्हापासून तो आमच्यात यानराव झाला. दुसऱ्याच आठवड्यात अंगणावर पत्र्याची शेड चढली.

पुढे यानची ती नोकरी सुटली आणि त्याने मला तसं कळवलं. अप्पा म्हणाले, "घेऊन टाका त्याला."

घेऊन टाका म्हणणं सोपं होतं. आमच्या सीएंनी सांगितलं की तिथे माणूस नोकरीला ठेवायचा तर तिथे कंपनी काढावी लागेल. नोंदणी, बँक, कर, सगळं आलं. एका माणसासाठी ते परवडणार नाही. मग त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. अशा मधल्या कंपन्या असतात, त्यांची देशोदेशी रीतसर ऑफिसं असतात. त्या आपल्या माणसाला त्यांच्या नावावर नोकरीत घेतात. पगार, कर, रजा, तिथले कायदे सगळं त्या बघतात. माणूस काम आपलं करतो. आपण दर महिन्याला मधल्या कंपनीचं बिल भरायचं, झालं.

अप्पांनी हे नीट ऐकून घेतलं. "म्हणजे माणूस आपला, पण कागदावर त्यांचा."

"बरोबर," सीए म्हणाले.

"आणि त्यानं सोताला कोणाचा समजायचं?"

सीए हसले. म्हणाले, करारात तसं काही लिहिलेलं नसतं.

मधल्या कंपनीचं पुण्यात ऑफिस होतं. तिथून केतकी नावाची एक मुलगी आमचं काम बघायची. गोड बोलणारी, प्रत्येक वाक्यात एकदा "सर" म्हणणारी. यानला नोकरीत घेण्याचं काम तिने इतकं भरकन उरकलं की अप्पांना शंका आली. माणूस कामावर आला आणि कोणी त्याला चहासुद्धा दिला नाही, याची त्यांना रुखरुख लागली होती.

पण पुढचे दोन हंगाम सोन्यासारखे गेले. आमचा कंटेनर उघडायचा तेव्हा तिकडे सकाळ असायची आणि आमच्याकडे दुपार. निळ्या खुर्चीत अप्पा, हातात फोन धरून शेजारी मी. पडद्यावर यान दार उघडायचा, आतली एखादी पेटी काढायचा, घड उचलून हलवायचा. मग एक मणी चिमटीत दाबायचा, तोंडात टाकायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "गोड." अप्पांनी त्याला तीन शब्द शिकवले होते: गोड, कडक, खराब. खराब असेल तेव्हा तो खराबच म्हणायचा, हे विशेष. अशा दिवशी अप्पा दिवसभर मला मॅडम म्हणत, पण यानला कधी बोल लावत नसत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि त्या तीन शब्दांवर त्यांचं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं.

दिवाळीला पॅकहाऊसमधल्या प्रत्येकाच्या घरी अप्पांकडून फराळ जायचा. यानचाही डबा भरला. मी केतकीला त्याच्या घरचा पत्ता विचारला.

"घरचा पत्ता आम्हाला देता येत नाही, मॅडम. तुम्ही आमच्या तिकडच्या ऑफिसला पाठवा. आणि भेट असेल तर तिची किंमत कळवा प्लीज. कधीकधी ती पगारात धरावी लागते, त्यावर कर बसू शकतो."

मी हे अप्पांना सांगितलं. ते डब्याकडे बघत राहिले. "चकलीवर?"

डबा शेवटी तिकडच्या ऑफिसला गेला. त्यातलं किती यानपर्यंत पोचलं देव जाणे. त्याने एका चकलीचा फोटो पाठवला होता. अप्पांनी तो फोटो घरोघर दाखवला, पण मनात एक खडा राहिलाच. "आपल्या माणसाचा पत्ता आपल्यालाच नाय," असं ते अधूनमधून म्हणत.

तिसऱ्या हंगामात, पहिलेच कंटेनर पोचत होते तेव्हा, एका दुपारी यानचा फोन आला नाही. आम्ही लावला, त्याने उचलला नाही. थोड्या वेळाने केतकीचा आला. मी स्पीकरवर टाकला.

"सर, यान यांनी आजारी असल्याचं कळवलंय. सध्या ते कामावर येऊ शकणार नाहीत."

"आरे. काय झालंय त्याला?"

"ते सांगता येत नाही, सर."

"बरं, तुला नसंल माहीत. ज्याला माहीत हाय त्याच्याकडं दे फोन."

"तसं नाही, सर. तिथे कायदाच तसा आहे. माणूस आजारी पडला तर काय आजार आहे हे मालकाने विचारायचं नाही. आम्हीही नाही आणि तुम्हीही नाही. तिथे एक डॉक्टर नेमलेले असतात, त्यांना ते कळतं. ते आम्हाला फक्त एवढंच कळवतात की काम जमेल की नाही."

केतकी चांगलं स्वच्छ मराठी बोलत होती. तरी अप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणती ती?"

मी परत सांगितलं. तिकडून केतकी म्हणाली, "पगार मात्र चालू ठेवावा लागेल, सर."

"पगाराचं कोण बोलतंय, पोरी? पगार दे त्याचा. मी काय झालंय ते विचारतोय."

"सर, समजून घ्या. तुम्ही विचारलंत की त्यांना वाटतं, मालक कामावर कधी येताय म्हणून विचारतायत. आजारी माणसावर दडपण येतं. म्हणून तो कायदा आहे."

अप्पांनी मला फोन बंद करायची खूण केली. फोन ठेवल्यावर म्हणाले, "म्हणजे माझं विचारणं त्याला तगादा वाटंल?"

खरं सांगायचं तर मला तो कायदा पटला होता. अप्पांवर माया असूनही पटला होता. दोन-तीन दिवस ते माझ्या टेबलाभोवती घुटमळत राहिले आणि हा कसला कायदा, ही कसली माणुसकी, असं ऐकवत राहिले, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "अप्पा, माझा खडा तुम्ही सगळ्यांना दाखवलात. मला विचारलं होतंत?"

ते थबकले. "तुला वाईट वाटलं व्हतं?"

"हो."

"मंग तवाच का नाय बोलली?"

"कशी बोलणार? तुम्ही मालक."

अप्पा माझ्या टेबलापासून वळले. खुर्चीत जाऊन बसले. संध्याकाळी घरी जाताना सोमनाथच्या फोर्कलिफ्टजवळ थांबले, त्याच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले आणि न बोलताच निघून गेले.

त्यानंतर त्यांनी कायद्याला नावं ठेवली नाहीत. पण विचारपूस न करता माणसाची काळजी कशी करायची, हे त्यांना काही केल्या सुचेना. जाऊन यावं असंही त्यांच्या मनात आलं.

"रॉटरडॅम केवढं हाय?"

"नाशिकपेक्षा लहान असेल."

"मंग सापडंल की. पंचवटीत उतरून कोणालाबी माझं नाव सांग, घरापर्यंत आणून सोडतील."

मी म्हटलं, तिथे तसं नसतं. त्यांना ते पटलं नाही, पण तेही मनात समजून होते. पत्ता नाही, आणि तो मागता येत नाही. मुलगा म्हणत होता, हंगाम चालू आहे, दुसरा माणूस घ्या. व्यापाऱ्यांचे फोटो पुन्हा सुरू झाले होते, मणी गळालेत, भाव कापतोय. "कापू दे," अप्पा म्हणायचे. "त्याच्या जागेवर मी माणूस बसवला आन त्याला कळलं, तर तो उठंल का अंथरुणातून?"

केतकीने सांगितलं होतं की शुभेच्छांचा एखादा निरोप पाठवायला हरकत नाही, फक्त त्यात काही विचारायचं नाही. मी ते अप्पांना सांगितलं, तसे ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आले. लिही म्हणाले.

"यानराव, तब्येत कशी हाय?"

"हा प्रश्न झाला, अप्पा."

"बरं. जेवण जातंय का?"

"हाही प्रश्नच."

"जवळ कोण हाय तुझ्या?"

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"काही लागलं तर कळव," ते म्हणाले, आणि मी लिहायला लागले तर त्यांनीच अडवलं. "नको. हे तर बँकवालेबी लिहितात."

मग बराच वेळ ते बोटांनी टेबलावर ठेका धरून बसले. त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्याकडे जीव लावायची भाषाच प्रश्नांची आहे. जेवलास का, झोपलास का, पोचलास का, औषध घेतलंस का. हे प्रश्न काढून घेतले तर अप्पांच्या हातात काय उरत होतं? डाळिंबांची पिशवी, आणि ती न्यायला दार नव्हतं.

"लिही," ते अखेर म्हणाले. "मी जेवलो."

"काय?"

"मी जेवलो. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी. काल झोप बरी लागली. एवढंच लिही. ह्यात काय प्रश्न हाय?"

प्रश्न नव्हता. मी इंग्रजीत तसंच्या तसं लिहून यानच्या फोनवर पाठवलं. मला वाटलं, तिकडे तो काय समजेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "छान. मीही जेवलो. सूप."

अप्पांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, पुन्हा वाचून घेतलं. मग खुर्चीवर जाऊन बसले आणि जो येईल त्याला सांगू लागले, "सूप घेतलं त्यानं."

तेव्हापासून रोज दुपारी हा निरोप जायचा. मी जेवलो. आज पिठलं. आज पाहुणे होते, पुरणपोळी. आज पाय दुखतोय, पण चाललो. अप्पा आपल्या तब्येतीविषयी इतकं कधी कोणाशी बोलले नव्हते. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं त्यांच्या मुलाला त्या निरोपांतून कळलं. आणि तिकडून यानही तसंच, न विचारता, सांगायचा. सूप आणि ब्रेड. आज झोप लागली नाही. खिडकीतून एक झाड दिसतं. अप्पा प्रत्येक शब्द फोडून बघत. "खिडकीतून म्हणतो. म्हणजे पडूनच हाय."

एकदा अप्पांचं पोट बिघडलं होतं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. निरोपाची वेळ झाली तशी मी म्हटलं, लिहून टाकते, जेवलो म्हणून. "खोटं कळवायचं नाय," ते म्हणाले. भाताचा डबा मागवला, माझ्यासमोर बसून चार घास कसेबसे खाल्ले आणि मग म्हणाले, "आता लिही."

मार्च उजाडला आणि यानने एक छोटा व्हिडिओ पाठवला. त्यात त्याचा चेहरा नव्हता. पांढऱ्या चादरीवर दुकानातून आणलेली द्राक्षांची पेटी, आमच्याच नावाची, आणि एक हात. हाताने एक मणी उचलला, दाबला आणि मागून आवाज आला, "गोड." अप्पांनी तो हात बघितला. मला व्हिडिओ थांबवायला लावून पुन्हा बघितला. हाताच्या मागच्या बाजूला एक पांढरी पट्टी होती, आणि बोटं त्याच माणसाची वाटत नव्हती इतकी बारीक झाली होती.

"सलाईन लागतंय त्याला," अप्पा म्हणाले. "बरेच दिस झालेत." मग माझ्याकडे बघून जरा घाईने म्हणाले, "मी विचारलं नाय हं. दिसलं."

त्यानंतरची उत्तरं आखूड होत गेली. सूप, अर्धं. मग नुसतंच, अर्धं. एक दिवस आलं, आज नाही. अप्पा त्या दिवशी संध्याकाळी घरी जेवले नाहीत, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. मग उत्तरं थांबली. आमचा निरोप जायचा आणि त्याखाली एकच रेघ उमटायची, म्हणजे तो पोचलेलाच नसायचा. फोन बंद होता. अप्पा दिवसातून कितीदा तरी यायचे, "दोन रेघा झाल्या का?" मी नाही म्हणायचे. तरी दुपारी ते निरोप सांगायचे आणि मी लिहायचे. मी जेवलो. मी जेवलो. मला त्यांना थांबा म्हणायचा धीर झाला नाही, आणि दुसरं काही करण्यासारखं माझ्याही हातात नव्हतं. मी केतकीला फोन करून रडकुंडीला येऊन म्हटलं होतं, निदान तो आहे का नाही एवढं तरी सांग. ती म्हणाली, "मॅडम, मला खरंच काही कळत नाही. मला फक्त महिन्याला एक ओळ येते, कामावर हजर नाही म्हणून."

हंगाम संपत आला असताना तिचाच फोन आला. या वेळी तिने सर म्हटलं नाही. "काका," ती म्हणाली, "यान गेले. मागच्या आठवड्यात. त्यांच्या घरच्यांनी सगळं उरकलंय. आता कोणी संपर्क करू नये अशी त्यांची इच्छा आहे."

अप्पांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. "काय झालं व्हतं, बाळ?"

"मला माहीत नाही, काका. नियम म्हणून नाही म्हणत. मला खरंच कोणी सांगितलं नाही." तिचा आवाज फुटला. "ते आमच्याच कंपनीचे होते ना कागदावर. मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही."

"असू दे," अप्पा म्हणाले. "तू जेवली का?"

तिकडून नुसतं रडणं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

आमच्या भागात कोणी गेलं की दारावर जातात. काही न्यायचं नसतं, काही द्यायचं नसतं. त्या घराच्या दाराशी जाऊन बसायचं, काय झालं होतं म्हणून विचारायचं, घरचे सांगतील ते ऐकायचं, थोडा वेळ गप्प बसायचं आणि उठून यायचं. अप्पांनी आयुष्यात एकही दार चुकवलं नव्हतं. ज्यांच्याशी कोर्टकज्जे चालले होते त्यांच्याही दारावर ते गेले होते. त्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "दारावर जायला पाहिजे, ज्योतीताई." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "दार कुठंय पण त्याचं."

त्याच उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिक सोडलं. अप्पांशी अजून फोनवर बोलणं होतं. आता ते आधी काही विचारत नाहीत. फोन उचलला की म्हणतात, "मी जेवलो," आणि थांबतात. मग मला काय वाटतं कोण जाणे, मी आपणहून सगळं सांगत बसते, अगदी पोट साफ होतं की नाही इथपर्यंत. पण डोळ्यांसमोर अप्पा येतात ते मात्र त्या हंगामाचा शेवटचा कंटेनर भरला त्या दिवसाचे.

माल चढवून झाला होता. मी सील लावायला खाली गेले तर अप्पा आलेले. स्वच्छ पांढरे कपडे, नवी टोपी. त्यांनी आपली निळी खुर्ची उचलली, कंटेनरच्या उघड्या दारासमोर आणून ठेवली आणि त्या दाराकडे तोंड करून बसले. आतून थंड वाफ त्यांच्या पायांवर येत होती. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एवढा वेळ दार उघडं, आणि अप्पा ओरडत नाहीत. सोमनाथने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी हातानेच त्याला थांब म्हटलं. तिकडे पोचल्यावर हेच दार उघडायचं होतं, या वेळी यानशिवाय. अप्पांना तेवढंच एक दार ठाऊक होतं.

ड्रायव्हर सिन्नरचा, नेहमीचा. त्याला न्हावा शेवा बंदरात वेळेत पोचायचं होतं. तो पुढून चालत आला, अप्पांचे कपडे बघितले, ती बसायची रीत बघितली आणि ओळखलं. डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि शेजारी उकिडवा बसला.

"कोण गेलं, अप्पा?"

"माणूस आपला. तिकडचा."

ड्रायव्हरने रुमाल गुडघ्यावर ठेवला. मग दारावर गेलेला कोणीही विचारतो, अप्पांनी स्वतः जन्मभर विचारलं होतं, तेच त्याने विचारलं, "काय झालं व्हतं?"

अप्पा कंटेनरच्या आत, पेट्यांच्या रांगांकडे बघत राहिले.

"मला विचारता नाय आलं," ते म्हणाले.